खेळातल्या अफवा निरुपद्रवी नसतात

खेळांविषयीच्या खोट्या बातम्यांचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. राजकारणातली किंवा आरोग्याविषयीची अफवा धोकादायक असते हे मान्य. पण कोणता खेळाडू निवृत्त होणार, कोण कोणाशी लग्न करणार, असल्या वावड्यांनी कोणाचे काय बिघडते, असा तो प्रश्न असतो. त्याच्या समर्थनार्थ मग ठरावीक मुद्दे येतात: विस्तवाशिवाय धूर निघत नाही, वाचणाऱ्याला ही करमणूक आहे हे ठाऊक असते, लोकांना हेच हवे असते म्हणून संकेतस्थळे हेच देतात, खेळाडू कोट्यवधी कमावतात, तेव्हा एवढे त्यांनी सोसावे, आणि खरी बातमी आली की खोटी आपोआप मागे पडते. यांतला प्रत्येक मुद्दा वरवर समंजस वाटतो, म्हणूनच तो तपासून पाहिला पाहिजे. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या घटनांनी यांतला एकही मुद्दा शाबूत ठेवलेला नाही.

धुराचा आणि विस्तवाचा मुद्दा आधी घेतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी झिम्बाब्वेच्या क्रिकेट संघाचा माजी कर्णधार हीथ स्ट्रीक याचे निधन झाल्याची बातमी जगभर पसरली. स्ट्रीक कर्करोगाने आजारी होता, आणि बातमी देणारा कोणी निनावी माणूस नव्हता, तर त्याचाच जुना सहकारी हेन्री ओलोंगा होता. एवढ्या आधारावर अनेक वृत्तसंस्थांनी आणि संकेतस्थळांनी मृत्युलेख छापून टाकले, आजी-माजी खेळाडूंनी श्रद्धांजली वाहिली, आणि काही तासांनी खुद्द स्ट्रीकनेच आपण जिवंत असल्याचे ओलोंगाला कळवले. ओलोंगाने तत्काळ जाहीर दुरुस्ती केली. स्ट्रीकने मुंबईच्या 'मिड-डे' या दैनिकाशी बोलताना या बातमीने आपण दुखावलो असल्याचे सांगितले आणि एखाद्याच्या मृत्यूसारखी मोठी गोष्ट कोणतीही खातरजमा न करता पसरवली जाते याबद्दल खेद व्यक्त केला. पुढे ३ सप्टेंबरला, वयाच्या ४९ व्या वर्षी, तो खरोखरच गेला.

धुराच्या तत्त्वाने पाहिले तर ही अफवा 'जवळजवळ खरी' ठरते. आजार खरा होता, सांगणारा ओळखीचा होता आणि अवघ्या ११ दिवसांत घटनाही घडली. तरीही २३ ऑगस्टची ती बातमी पूर्णपणे खोटी होती, कारण त्या दिवशी तो माणूस जिवंत होता आणि स्वतःविषयीचे मृत्युलेख वाचत होता. बातमी खरी की खोटी हे तिच्या आसपास काय शक्य होते यावर ठरत नाही. ती देणाऱ्याने देण्यापूर्वी काय तपासले यावर ठरते. घरी एक दूरध्वनी करण्याइतकी तसदी त्या दिवशी अनेक मोठ्या वृत्तकक्षांनी घेतली नाही, आणि हा दोष केवळ फुटकळ संकेतस्थळांच्या माथी मारून भागणार नाही.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पांड्या आयपीएलमधला गुजरात टायटन्स हा संघ सोडून मुंबई इंडियन्सकडे परतणार असल्याच्या बातम्या येत होत्या. २६ तारखेला जाहीर झालेल्या, संघांनी कायम ठेवलेल्या खेळाडूंच्या याद्यांमध्ये तो गुजरातकडेच कायम असल्याचे दिसले, तेव्हा अनेकांनी त्या बातम्या खोट्या ठरवल्या; दुसऱ्याच दिवशी त्याचे मुंबईकडे जाणे अधिकृतपणे जाहीर झाले. अधिकृत घोषणेपूर्वी आलेली प्रत्येक बातमी अफवा नसते, हे यावरून नीट कळते. संघव्यवस्थापनाशी बोलून, आपले नाव आणि आपली पत पणाला लावून बातमी देणारा वार्ताहर आणि दहा खेळाडूंची दहा संघांशी लग्ने लावून त्यांतले एखादे जमले की 'आम्हीच आधी सांगितले होते' म्हणणारे पान, या दोघांना 'धूर' या एकाच शब्दात बांधणे हा पहिल्यावर अन्याय आहे.

वाचकाला सगळे कळते, हा दुसरा मुद्दा. ऑक्टोबर २०२३ मध्ये, विश्वचषकात अफगाणिस्तानने चेन्नईत पाकिस्तानला हरवल्यानंतर, एक गोष्ट लाखो लोकांपर्यंत पोहोचली: रशीद खानने भारताचा तिरंगा मिरवला म्हणून आयसीसीने त्याला दंड केला आणि रतन टाटांनी त्याला १० कोटी रुपये जाहीर केले. अखेर ३० ऑक्टोबरला टाटांना स्वतःच लिहावे लागले की कोणत्याही खेळाडूच्या दंडाविषयी किंवा बक्षिसाविषयी आपण काहीही सुचवलेले नाही, क्रिकेटशी आपला संबंध नाही, आणि असल्या व्हॉट्सॲप संदेशांवर विश्वास ठेवू नये. हा मजकूर पुढे पाठवणारे लोक भोळे नव्हते. त्यात देशाभिमान होता, आदरणीय उद्योगपती होते, लाडका परदेशी खेळाडू होता आणि अन्याय करणारी संस्था होती. वाचकाच्या मनात आधीच असलेल्या भावनांचा अचूक अंदाज घेऊन तो रचलेला होता. खेळावर प्रेम करणारा माणूसच अशा वेळी अधिक सहज फसतो, कारण ती गोष्ट खरी असावी असे त्याला मनापासून वाटत असते.

शिवाय फसवणारे मार्गही बदलले आहेत. एक्सवर (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर) आधी ओळख पटवून दिली जाणारी निळी खूण २०२२ च्या अखेरीपासून पैसे भरून मिळू लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पद्धतीने दिलेल्या खुणा काढून घेण्यात आल्या. नामवंत समालोचकाच्या किंवा क्रीडापत्रकाराच्या नावात एखादे अक्षर बदलून, त्याचेच छायाचित्र लावून, निळ्या खुणेसह चालवलेले खाते सर्वसामान्य वाचकाने कसे ओळखावे? ज्याच्या हाती ओळखण्याचे साधनच ठेवलेले नाही, त्याला 'तुला कळायला हवे होते' असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो: लोकांना हेच हवे असते. या वाक्यात 'लोक' पुढे येतात आणि पैसा मागे लपतो. गल्लाभरू संकेतस्थळांचा व्यवहार साधा आहे. पान उघडले की जाहिरात दिसते आणि जाहिरात दिसली की पैसे मिळतात. त्या जाहिराती बहुतांशी यंत्रणेमार्फत आपोआप लागतात, त्यामुळे आपली जाहिरात कोणत्या मजकुराशेजारी झळकते आहे हे जाहिरातदारालाही पुष्कळदा ठाऊक नसते. वार्ताहर मैदानावर पाठवण्याचा खर्च मोठा असतो, अफवा लिहिण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि दोन्ही पानांवरच्या वाचकाच्या एका भेटीचे मोल सारखेच असते. 'भारताच्या स्टार खेळाडूची तडकाफडकी निवृत्ती, क्रिकेटविश्वाला धक्का' असा मथळा, त्यावर रोहित किंवा धोनी यांचे छायाचित्र, आणि आत चौथ्या परिच्छेदात कळते की निवृत्त झालेला खेळाडू दशकभरापूर्वी दोन-चार सामने खेळलेला कोणी आहे. वाचकाला ते हवे होते असे म्हणता येणार नाही. त्याला बातमी हवी होती, आणि नाव मुद्दाम झाकून ठेवून त्याच्याकडून ते पान उघडून घेतले गेले.

याहून गंभीर धागा सट्ट्याचा आहे. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ३ ऑक्टोबर २०२२ रोजी दूरचित्रवाहिन्यांना, डिजिटल वृत्तमाध्यमांना आणि ओटीटी मंचांना सूचना काढली, तिच्यात हा प्रकार स्पष्ट नोंदवलेला आहे: परदेशी सट्टेबाज कंपन्यांना भारतात थेट जाहिरात करता येत नाही, म्हणून त्या जवळपास त्याच नावाची आणि त्याच बोधचिन्हाची 'क्रीडावृत्त' संकेतस्थळे काढतात आणि त्यांची जाहिरात करतात. म्हणजे धावफलक, संभाव्य अकरा, दुखापतींच्या खबरा, सामन्याचे भाकीत असा सगळा मजकूर वृत्तपत्रासारखा मांडायचा, आणि वाचकाला हळूहळू पैसे लावण्याच्या दारापर्यंत आणून सोडायचे. अशा ठिकाणी अफवा ही संपादकाची चूक नसते, तो मालच असतो. सामन्याआधी अमुक गोलंदाज खेळणार नाही अशी वावडी उठली की भाव हलतो, आणि भाव हलला की ज्याला आधीच ठाऊक आहे त्याचा फायदा होतो. 'नुसती करमणूक' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, पण देशाबाहेरून चालणारे आणि बंद केले की नव्या पत्त्यावर पुन्हा उघडणारे संकेतस्थळ कायद्याच्या हाती सहज लागत नाही.

खोटेपणाची मजल किती जाते याचे उदाहरण जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या मोलीपूर गावात सापडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार तिथे शेतात मैदान तयार करून, दिवे आणि कॅमेरे लावून, शेतमजूर आणि बेरोजगार तरुणांना सामन्यामागे ४०० रुपये देऊन आयपीएलच्या नावाने खोटी स्पर्धा भरवली जात होती. समालोचनात हर्षा भोगले यांच्या आवाजाची नक्कल होत होती, सामने यूट्यूबवर दाखवले जात होते आणि रशियातले लोक त्यांवर पैसे लावत होते. पोलीस पोहोचले तेव्हा स्पर्धा उपउपांत्य फेरीपर्यंत आलेली होती. पुढची पायरी सचिन तेंडुलकरने अनुभवली. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा चेहरा आणि आवाज कृत्रिमरीत्या बनवून एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारी चित्रफीत पसरवली गेली, आणि तीत त्याच्या मुलीचेही नाव वापरले होते. १५ जानेवारीला त्याने स्वतः ती चित्रफीत खोटी असल्याचे जाहीर केले आणि मुंबईत पोलिसांकडे गुन्हा नोंदवला गेला. तेंडुलकरच्या शब्दावर महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत डोळे मिटून विश्वास ठेवला जातो. चोरी झाली ती त्या विश्वासाची.

खेळाडूंनी सोसावे, असे म्हणणाऱ्यांना मी अर्शदीप सिंगचे उदाहरण देईन. ४ सप्टेंबर २०२२ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याच्या हातून झेल सुटला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. सामना हरल्यावर काही वेळातच विकिपीडियावरच्या त्याच्या पानात फेरफार करून त्याचा संबंध खलिस्तानशी जोडण्यात आला, आणि केंद्र सरकारला विकिपीडियाकडे खुलासा मागावा लागला. सुटलेल्या झेलावर टीका करण्याचा प्रेक्षकाचा हक्क मी मानतो. परंतु शीख खेळाडूच्या राष्ट्रनिष्ठेवर खोट्या नोंदीने शंका घेणे याचा खेळाशी किंवा त्याच्या मानधनाशी काडीचाही संबंध नाही.

महिला खेळाडूंच्या वाट्याला हे निराळ्या रूपात येते. जून २०२४ मध्ये सानिया मिर्झा आणि मोहम्मद शमी यांच्या लग्नाची वावडी उठली, आणि सानियाच्या वडिलांना ती फेटाळावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पॅरिस ऑलिम्पिकनंतर, मनू भाकर आणि नीरज चोप्रा एका कार्यक्रमात बोलताना दिसले आणि मनूची आई नीरजशी बोलताना दिसली, तेवढ्यावर त्यांचे लग्न ठरवले गेले. तिथेही वडिलांनाच पुढे यावे लागले. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन पदके जिंकणारी स्वतंत्र भारताची ती पहिली खेळाडू, आणि त्या आठवड्यात तिच्याविषयी फिरणारा प्रश्न मात्र लग्नाचा. त्याच ऑलिम्पिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. हा प्रकार काय असतो, गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरताना शरीराचा तोल कसा बदलतो, रेल्वेची नोकरी सांभाळणारा तरुण त्याची तयारी कशी करतो, यावर लिहिण्यासारखे कितीतरी होते. अफवेने व्यापलेली जागा रिकामी नव्हती, ती अशा मजकुराच्या वाट्याची होती.

राहिला शेवटचा मुद्दा, खरी बातमी आली की खोटी मागे पडते हा. याची पाहणी झालेली आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १,२६,००० बातम्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले: खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के अधिक होती, आणि १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला सुमारे सहापट वेळ लागत होता. हे यंत्रचलित खात्यांमुळे नव्हे तर माणसांमुळेच घडत होते, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे खुलासा त्याच रस्त्याने मागाहून निघतो आणि बहुतेकांच्या घरी पोहोचतच नाही.

खरे-खोटे सरकारने ठरवावे, असाही उपाय सुचवला जातो. केंद्राने आपल्या कारभाराविषयीच्या मजकुरापुरती तशी यंत्रणा नियमांत आणली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द केली, आणि खेळांच्या बातम्यांसाठी तसली व्यवस्था मला नको आहे. मला हवी आहे ती गोष्ट संपादकांच्या हातातली आहे. ज्या वाचकांच्या मोबाइलवर 'निधन', 'निवृत्ती' किंवा 'लग्न' अशी सूचना वाजवून चुकीची बातमी पोहोचवली, त्या सर्वांच्या मोबाइलवर दुरुस्तीचीही सूचना तशीच वाजली पाहिजे. जुना मथळा गुपचूप बदलून किंवा पान काढून टाकून चालणार नाही, आणि त्या पानावर जाहिरातींतून जमलेले पैसे परत करण्याची अट जाहिरात यंत्रणा चालवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या करारात घातली पाहिजे.