राजारामपुरीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मिशनवाल्यांच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकणं म्हणजे बोक्याला दुधाची राखण. तिथं डार्विन गाळून आदम-हव्वाच शिकवत असणार, असं तुम्ही लिहिलंय.

त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करते. अमेरिकेत तशी विद्यापीठं आहेत. व्हर्जिनियातल्या लिबर्टी विद्यापीठात पृथ्वी काही हजार वर्षांचीच, असं मानणारा निर्मितीवाद शिकवतात. तिथं मी फुकटातही गेले नसते. पण मी शिकले बंगळूरूला, कॅथलिकांच्या संस्थेत. उत्क्रांती आता नुसतं गृहीतक राहिलेली नाही, हे त्यांच्या पोपनीच, जॉन पॉल दुसरे यांनी, १९९६ साली सांगून टाकलंय.

आम्हाला फळमाश्यांचे संकर करायला लावले. माश्यांना ईथर हुंगवून बेशुद्ध करायचं आणि त्या जाग्या व्हायच्या आत लाल डोळे, पांढरे डोळे मोजायचे. दुसऱ्या पिढीत तीन लाल डोळ्यांच्या माश्यांमागे एक पांढऱ्या डोळ्यांची, आणि पांढऱ्या डोळ्यांचे सगळे नर! वाटाण्यावर तीनास एकचं गणित मांडणारा मेंडेल ब्रनोच्या मठातला साधूच की. १८६६ ला छापलेल्या त्याच्या निबंधाची १९०० पर्यंत फारशी कुणी दखल घेतली नाही.

हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, झाडं दाबायला मी घरून 'पुढारी'ची रद्दी न्यायची. याच विषयातले, खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद करणारे फादर सांतापाऊसुद्धा कॅथलिकांच्या जेझुइट संघाचे होते. मुंबईच्या झेवियर्समध्ये शिकवायचे, पुढं भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. कंदिलासारखी फुलं येणाऱ्या कंदीलपुष्पाची एक जातही त्यांच्या नावाची आहे. कंदीलपुष्पं बघायची तर पावसाळ्यात शिवाजी विद्यापीठाच्या बागेत जा. तुम्हाला तर जवळच.

खटकलं तेही सांगते. मूल्यशिक्षणाचा तास सक्तीचा होता आणि भयंकर कंटाळवाणा. हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद.

उत्क्रांतीचा धडा मात्र माझा सुटला तो इथंच, कोल्हापुरात. "दोन-तीन मार्कांचा आहे, घरी वाचा," म्हणत शाळेतल्या बाईंनी पुढचा धडा काढला. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून तर २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भागच गेला. तिथं कुठला फादर आडवा आला होता?

नातू बारावी सायन्सला आहे म्हणता. त्याला कुठंही घाला, पण आधी अभ्यासक्रम मागवून घ्या. उत्क्रांती कितव्या सत्राला आहे आणि प्रॅक्टिकलचे तास किती, एवढं बघा. अडलं तर मला विचारा.