वाशिष्ठीत क्रूझ: आधी धक्का की आधी बोट?

"हे बघा, गंगा विलास क्रूझ!" पिंट्याने मोबाइल सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला. "६२ मीटर लांब, १८ सूट, वाराणसी ते दिब्रुगड ५१ दिवस. असं एक वाशिष्ठीत सोडलं की चिपळूणचं केरळ!"

"बिहारात छपरा गावापाशी तिचं काय झालं, तेही वाच," दादू म्हणाला.

"बोट अडकली ही अफवा होती."

"अडकली नव्हती, मान्य. पण काठालाही लागली नव्हती. बोट खोल पाण्यात नांगरली आणि पाहुणे छोट्या होड्यांतून चिरांदला गेले. नवाश्मयुगातलं गाव बघायला शेवटी होडीच लागली ना?"

पिंट्या हटेना. "आपला तर राष्ट्रीय जलमार्ग आहे, २८ नंबरचा! रोज सकाळी नऊला खाडीच्या मुखावरच्या दाभोळहून निघायचं, वर एसी डेक, जेवणाचा बुफे..."

"रोज नऊला?" दादूच्या घराण्यात तांडेलकी आहे, त्याचा आवाज चढलाच. "भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. आज नऊला भरती लागत असेल, तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी. जलमार्ग ४५ किलोमीटर, ताशी १२ ने पावणेचार तास, तेही कुठे न थांबता. भरती सहा तासांची. दाभोळला उतरून मशीद नीट दाखवलीस की वर यायला पाणी कुठून आणणार? दोन टप्पे कर. आणि वेळापत्रक दाभोळचं लावून चालत नाही, वर चिपळूणजवळ गोवळकोटला पाणी उशिरा भरतं. त्यात कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून नदीत सोडलेलं पाणी. वीजनिर्मिती कमी झाली की वरच्या अंगाला वाळू उघडी."

मास्तर सरसावले. "दाभोळ म्हणजे काय बंदर होतं! १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज अल्मेडाने..."

"मास्तर, अल्मेडाला मागच्या रविवारी जाळून झालं दाभोळ!" विन्या ओरडला.

"पण सांगणारा माणूस मास्तरांसारखाच हवा," दादू म्हणाला. "गोवळकोटाच्या किल्ल्यावर नेऊन नुसता सेल्फी काढायला लावलात तर लोक पुन्हा कशाला येतील? पैसे आधी धक्क्यावर घाला. ओहोटीला धक्का वर आणि बोट खाली, साठीच्या बाईने उतरायचं कसं? तरंगता पोंटून पाहिजे, खांबांना कड्यांनी धरलेला, पाण्याबरोबर वरखाली होणारा. त्याला जोडणारी फळीही लांब हवी. आखूड केलीत तर ओहोटीला ती शिडीसारखी उभी राहते."

"आणि मगरी?" पिंट्याने हुकमी पान टाकलं.

"मगरी ओहोटीला चिखलावर ऊन खात पडतात. तुझी मोठी बोट येणार भरतीला. दिसणार काय? अर्ध्या मीटर पाण्यात चालणारी वीस माणसांची होडी घे, दोन्ही वेळा साधतील. एसी म्हटला की जनरेटर आला, डिझेलची टाकी आली, बोट आणखी खाली बसली. वर तिच्या लाटांनी कांदळवनाच्या मुळांची माती सुटते ती वेगळीच."

"होडीत संडास कुठे बसवतोस?" पिंट्या अखेर एका मुद्द्यावर आला.

"बसतो. खाली बंद टाकी ठेवायची, खाडीत थेंब सोडायचा नाही. काठावर पंपाने उपसायची."

"काठावर कुठे?"

विन्या वाटच बघत होता. "तू रिसॉर्टसाठी घेतलायस ना प्लॉट, सीआरझेडमध्ये, किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांत अडकलेला? तिथेच!"

पिंट्या उठून चालू लागला. मागून मास्तर ओरडले, "अरे, मोबाइल राहिला तुझा!"