थंडीचं बिल आणि आमची डोकी

आज सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एकच चर्चा. कुठला रूम हीटर घ्यावा, कोणाला किती बिल आलं. आणि शेवटी एकाचं ठरलेलं वाक्य, "नाशिकची थंडी म्हटल्यावर बिल येणारच." मंडळी, का येणारच? डोकं तापलंय म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या खोलीत आम्हीही हीटर लावला होता. दोन हजार वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिट. रात्रभर आठ तास चालला की सोळा. महावितरणचा दर शंभर युनिटनंतर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी चढतो. एवढं करून सासूबाई पहाटे म्हणायच्याच, "पाय गार पडलेत गं." मग एका रात्री त्यांनीच देवघरातली उदबत्ती आणायला लावली आणि खिडकीच्या कडेला धरायला सांगितली. धूर सरळ वर जाईना, आडवा होऊन खोलीत यायचा. स्लायडिंग खिडकीची केसाळ पट्टी झिजलेली, खालच्या चॅनेलच्या भोकांतून वारं सुरू. आम्ही पैसे देऊन आमचा अख्खा पाथर्डी फाटा परिसर तापवत होतो!

हार्डवेअरच्या दुकानातून फोमची चिकटपट्टी आणली, दाराच्या फटीशी जुन्या चादरीची गुंडाळी ठेवली. दुपारी दक्षिणेच्या खिडकीचा पडदा पूर्ण उघडा, ऊन कलायच्या आत खिडकी-पडदा बंद. आणि सासूबाईंची गोधडी माळ्यावरून खाली. जुन्या नऊवारींचे थर, प्रत्येक थरात अडकलेली हवा, तीच ऊब धरते. एक अंगावर, एक गादीवर. गार खालूनही लागतं, हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या. हीटर आता झोपायच्या आधी थोडा वेळ लागतो, बस.

निफाडचा शेतकरी बघा. पारा घसरला की पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतो, विहिरीचं कोमट पाणी वेलींच्या मुळाशी सोडतो. ऊब जिथे हवी तिथेच देतो. आणि आपण चार शिकलेली माणसं रिकामा हॉल तापवतो, गीझर रात्रभर चालू ठेवतो. आंघोळीआधी पंधरा-वीस मिनिटं लावला तरी पुरतो हो.

घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर हीटर लावा, त्याला माझी ना नाही. पण पैसे वाचवायला बंद खोलीत कोळशाची शेगडी? ते मात्र कृपा करून नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. गॅस गीझरच्या बाथरूमचा झरोका बुजवणाऱ्यांनीही हे दोनदा वाचा.

जास्त राग याचा येतो की आपल्याच गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे आणि एका गळक्या व्हॉल्व्हपायी बंद पडलंय. लाइटिंगला वर्गणी निघते, व्हॉल्व्हला नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबा-आजींना पहाटे बादलीभर गरम पाणी फुकट मिळेल, एवढाच प्रश्न आहे.

असो, आवाज चढला माझा. कोणाला खिडकीला पट्टी लावता येत नसेल तर सांगा, आमचे हे येऊन लावून देतील. आणि रविवारच्या मीटिंगला मी सोलरचा विषय काढणार आहे, तेव्हा गप्प बसू नका.