त्या फॉरवर्डच्या नादाने इंजिन खोलू नका

रविवारी सकाळी खारघरच्या मावसभावाचा फोन आला. "दादा, गाडी तुर्भ्याला मिस्त्रीकडे आणलीय. तो इंजिनचं हेड उघडतोय, मी फोटो काढतो. पुरावा लागतो ना!"

पुरावा कसला, डोंबल! आधी पाना खाली ठेवायला सांग, म्हणून मी फोनवरच ओरडलो.

हे खूळ आलं ते व्हॉट्सॲपवरून. 'सुप्रीम कोर्टाचा आदेश! वॉरंटीत इंजिन बिघडल्यास 30 दिवसांत नवी गाडी' असं मथळ्यात, आणि खाली सल्ले. बाहेरच्या मिस्त्रीकडून इंजिन उघडून फोटो काढा, हप्ते थांबवा, पावसाच्या पाण्याने इंजिन गेलं तरी कंपनीच जबाबदार, केस मात्र कंपनीचं मुख्यालय असेल तिथेच. सोसायटीच्या ग्रुपवर आला, तिथून मावशीकडे, मावशीकडून ह्याच्याकडे.

सगळ्यात घातक सल्ला पहिलाच. इंजिनात कारखान्यातूनच दोष आला की नाही, हे नुसतं बघून ठरत नाही. म्हणूनच ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 38 मध्ये तपासणीची सोय आहे. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवतो, खर्च आधी तक्रारदाराने भरायचा आणि अहवालावर दोन्ही बाजूंना हरकत घेता येते. आता तुर्भ्यात उघडलेलं, गॅस्केट बदललेलं, जुनं ऑइल गटारात गेलेलं इंजिन घेऊन तुम्ही आयोगापुढे उभे राहिलात, तर कंपनीचा वकील एवढंच विचारेल, "आत कोणाकोणाचे हात गेले?" वॉरंटी पुस्तिकेतही अनधिकृत दुरुस्तीचं कलम बहुधा असतंच. म्हणजे तुमचे फोटो तुमच्याच विरोधात.

खरा पुरावा मावसभावाच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. गाडी 14 महिन्यांची, 19,000 किलोमीटर झालेली. सकाळी थंड इंजिन चालू केलं की टकटक, आणि डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल दर महिन्याला खालच्या खुणेखाली. तीनदा सर्व्हिस सेंटरला नेली. तीन जॉबकार्डं, म्हणजे सर्व्हिस सेंटर गाडीची तक्रार आणि काम लिहितं ते कागद, मागवून वाचली. दोनांवर 'जनरल चेकअप', तिसऱ्यावर 'ग्राहकाच्या विनंतीवरून ऑइल टॉप-अप'. आवाजाचा शब्द कुठेच नाही. खाली ह्याची सही, न वाचता ठोकलेली. कागदोपत्री गाडी ठणठणीत आणि गिऱ्हाईक हौशी! त्या फॉरवर्डमध्ये जॉबकार्डाचं नाव नाही, यातच लिहिणाऱ्याची अक्कल कळते. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची, प्रत घ्यायची, त्याच दिवशी ईमेल करायचा. ऑइल पिणाऱ्या गाडीची चाचणीही होते. पातळीपर्यंत ऑइल भरतात, सील करतात आणि हजारेक किलोमीटरनंतर किती उतरलं ते मोजतात. ती लेखी मागायची.

हप्ते थांबवा म्हणणाऱ्याला तर माझा हातच जोडून नमस्कार. कर्जाचा करार बँकेशी, त्याचा इंजिनाशी संबंध नाही. आरसी बुकावर बँकेचं नाव आहे. हप्ता चुकला की सिबिल घसरतं, खात्यात पैसे नसल्याने ऑटो-डेबिट परत गेलं तर 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली गुन्हाही होऊ शकतो, आणि सलग हप्ते थकले तर बँक गाडीच उचलून नेते. मग तपासायचं काय, तुमचं रिकामं पार्किंग?

आता '30 दिवसांत नवी गाडी'. असा आदेश नाही. 2006 मध्ये मारुतीविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उलटच सांगितलं, की जो भाग बदलून काम भागतं तिथे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. पण अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. 2010 मध्ये फियाटविरुद्धच्या, इंजिनच्या आवाजावरून गेलेल्या खटल्यात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करायला लावली, आणि मूळचाच दोष निघाला तर गाडीची किंमत, कर, 12 टक्के व्याज परत करा म्हटलं. म्हणजे पूर्ण पैसे मिळू शकतात, फक्त तज्ज्ञाच्या अहवालाच्या दारातून. आणि ते दार आपणच मिस्त्रीकडून तोडून घ्यायचं!

पाण्याचं थोडक्यात. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पावसात साचणाऱ्या तळ्यात गाडी घातली आणि इंजिनात पाणी गेलं, तर वॉरंटीचा संबंध नाही. तो विम्याचा विषय, तोही इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर. आणि बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका.

मुख्यालयाचं तर धादांत खोटं. तक्रारदार राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. खारघर नवी मुंबईत असलं तरी जिल्हा रायगड, पण ह्याचं ऑफिस महापेला, म्हणजे ठाणे जिल्हा आयोगही चालतो. अकरा लाखांच्या गाडीला फी 400 रुपये, वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती तारीख डोक्यात ठेवायची.

मिस्त्री भला निघाला. वरचं झाकणही उघडलं नव्हतं. "मी पण हेच सांगत होतो, ऐकतंय कोण," म्हणाला. सोमवारी हा सर्व्हिस सेंटरला गेला. सल्लागार हसून म्हणाला, "सर, एवढं कशाला लिहिताय, जनरल चेकअप टाकतो." ह्याने पेन सोडलं नाही. आता डिपस्टिकला सील आहे, 600 किलोमीटर झालेत.