उद्याला काय ठेवलास?

गेल्या आठवड्यात आमच्या सायकल ग्रुपवर एकानं 300 किलोमीटरच्या राइडचा स्क्रीनशॉट टाकला. शाबासकीचा पाऊस पडला. मीही मनापासून शाबासकी दिली, कारण 300 म्हणजे गंमत नव्हे. पण माझा जुनाच प्रश्न परत डोक्यात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याला परत शंभर किलोमीटरला बोलावलं असतं तर? आणि तिसऱ्या दिवशी घाट चढायला?

वर्षभर मी याच प्रश्नाबरोबर जगतोय. येत्या जानेवारीत चार दिवसांच्या, चार टप्प्यांच्या एका हौशी शर्यतीत उतरायचं ठरवलंय. वय 39. घर बेळगावजवळ येळ्ळूरला, काम उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, पहिली पाळी सकाळी सातला सुरू. म्हणजे सराव पहाटे साडेचारला किंवा पाळी सुटल्यावर. असं जगणारे आपल्या भागात बरेच आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे लांब पल्ल्याची गोडी लागली ती ब्रेव्हेमुळे, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत कापायच्या राइडमुळे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 600 चाळीस तासांत. वेळेत पोचलं की झालं, पहिला-दुसरा नंबर नाही. मी स्वतः त्यातूनच शिकलो. रात्री लाइट लावून चालवणं, पंक्चर काढणं, झोप येत असताना डोकं जागेवर ठेवणं, सगळं तिथंच शिकायला मिळालं. पण टप्प्यांच्या शर्यतीचा स्वभाव वेगळा. तिथं रोज नवी सुरुवात असते आणि तरी कालचं काहीच पुसलं जात नाही. सगळ्या दिवसांच्या वेळेची बेरीज होते आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो जिंकतो. 1990 मध्ये ग्रेग लेमाँडनं टूर द फ्रान्स जिंकली तेव्हा त्यानं एकही टप्पा जिंकला नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी त्यानंच लोराँ फिन्योंला हरवलं होतं, तीन आठवड्यांच्या शर्यतीत फक्त 8 सेकंदांनी. वाचलं तेव्हा मला ही नुसती माहिती वाटली होती. आता सावंतवाडीच्या लॉजमधली ती रात्र आठवली की तिचा अर्थ कळतो.

ती गोष्ट अशी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आम्ही चौघांनी तीन दिवसांचा फेरा आखला. पहिल्या दिवशी बेळगाव, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी. दुसऱ्या दिवशी बांदा, दोडामार्ग करत गोव्यात साखळी. तिसऱ्या दिवशी चोर्ला घाट चढून कणकुंबी, जांबोटी आणि घर. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा आणि परत कर्नाटक. सरावाला याहून चांगला फेरा मला सुचत नाही: पहिला दिवस लांब, दुसरा आखूड आणि चढउताराचा, तिसऱ्याला खरा घाट. हुबेहूब शर्यतीसारखा.

पहिल्या दिवशी हिंडलग्यापासूनच आमची जुंपली. शिनोळीच्या कमानीपर्यंत कोण आधी, पाटणे फाट्यावर कोण आधी, मग आंबोलीच्या पाटीपर्यंत कोण. मी दोन ठिकाणी पहिला होतो. हवा थंड, पाय हलके, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं भात. आयुष्यात इतका जोरात कधी चाललो नव्हतो. सावंतवाडीत पोचल्यावर तासभर बाकावर बसून आम्ही कोणी कोणाला कुठं गाठलं तेच बोलत होतो. जेवलो रात्री नऊला. घामेजलेली चड्डी तशीच पिशवीत कोंबली. झोपलो साडेअकराला.

दुसरा दिवस कसाबसा निभावला. तिसऱ्या दिवशी सकाळी साखळीत पायऱ्या उतरताना मांड्या थरथरत होत्या. रोज सकाळी अंथरुणातच मी नाडी मोजतो. एरवी 52 असते, त्या दिवशी 63 होती. बसण्याच्या जागी फोड आला होता. चोर्ल्याच्या चढाला लागलो, चार-पाच वळणं झाली आणि शरीरानं सरळ नकार दिला. दम लागला नव्हता, पायात काही उरलंच नव्हतं. खाली उतरलो, सायकल कठड्याला टेकवली आणि रडू आलं. शेवटी भाजी पोचवून परत येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं सायकलसकट वर घेतलं. कणकुंबीला त्यानं चहा पाजला, पैसे घेतले नाहीत.

घरी आलो तेव्हा आई अंगणात होती. तिला सगळं सांगितलं, आंबोलीला पहिला आलो तेही. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पयल्या दिवशीच सगळं वतलास व्हय? मग उद्याला काय ठेवलास?"

आई सत्तरीला आली. चाळीसेक वर्षं तिनं येळ्ळूरच्या शिवारात रोप लावणी केली, आमच्या शेतात आणि पैऱ्यानं दुसऱ्यांच्याही. ज्यांनी लावणी बघितली आहे त्यांना सांगायला नको. घोट्याच्या वर चिखल, पाठीवर पाऊस, दिवसभर कंबरेत वाकलेलं आणि हे पंधरा-पंधरा दिवस सलग. तिथं नव्यानं लग्न होऊन आलेली पोर पहिल्या दिवशी सपासप लावत पुढं जाते, आणि तिसऱ्या दिवशी तिला ताप भरतो. जुन्या बायका एका लयीत असतात. बोलता येईल, गाणं म्हणता येईल इतक्याच वेगानं. संध्याकाळी घरी आल्या की आधी गरम पाण्यानं पाय धुणार, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर तेल लावणार, लवकर जेवणार आणि दिवा लागून दोन तास होताहेत तोवर झोपणार. हे त्यांना कोणत्या कोचनं शिकवलं नाही. उद्या परत वाकायचं आहे हे त्यांना ठाऊक असतं.

मी तेव्हापासून सराव बदलला. पूर्वी आठवड्यातले पाच दिवस मी मध्यम जोरात चालवायचो. धड हळू नाही, धड जोरात नाही, रोज थोडा थकलेला. आता चार दिवस खरोखर हळू चालवतो, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकं. दोन दिवस जोर लावतो, तेव्हा मात्र हातचं राखत नाही. एक दिवस सायकल भिंतीला. जोराचा सराव राजहंसगडावर. गावातून निघून किल्ल्याच्या चढाला लागायचं, वर महाराजांच्या पुतळ्यापाशी पोचायचं, हळू उतरायचं, परत चढायचं. चढ आखूड आहे पण असा उभा आहे की मागच्या चाकाला 32 दातांची कॅसेट, म्हणजे चढाला सोपा गिअर असूनही उठून उभं राहावं लागतं. आधी चार वेळा करायचो आणि चौथ्याला मरायचो. आता पाच वेळा करतो आणि पाचवी फेरी पहिल्या फेरीइतक्याच वेळात झाली तरच तो सराव जमला म्हणतो.

आणि महिन्यातून एकदा सलग तीन दिवस. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच आपल्याकडं कोणी करत नाही. शनिवार-रविवारला एक दिवस रजा जोडायची. किलोमीटर कमी असले तरी चालतील, साठ-साठ पुरे. पण तिसऱ्या सकाळी पाय कसे आहेत, भूक आहे का, चिडचिड होते का, हे वहीत लिहायचं. एका दिवसाच्या 200 किलोमीटरमधून हे कधीच कळत नाही.

खाण्याबद्दल थोडं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम असतो. जोरात चालवलं तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो आणि रिकामा झालेला साठा नीट भरून यायला एक दिवस लागतो, तोही व्यवस्थित खाल्लं तर. म्हणजे उद्याच्या टप्प्याचं खाणं आजच्या टप्प्यात सुरू होतं. सायकलवर असताना तासाला 60 ग्रॅम तरी कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. मोठं केळ म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. बाकीचं मी गूळ घातलेल्या पाण्यातून आणि चिक्कीतून भागवतो, मीठ बाटलीत. खेळाडूंसाठी मिळणारी महागडी साखरेची जेल घेऊन बघितली, माझ्या पोटाला सोसत नाहीत. उतरल्यावर पहिल्या तासात मऊ भात, दही, मीठ. घरचाच तांदूळ. भाकरी मला प्राणाहून प्यारी, पण ती रात्री. राइड संपल्या संपल्या जड काही नको. आपल्या लोकांचं इथंच चुकतं. राइड संपली की फोटो, मग चहा, मग गप्पा, आणि जेवण दोन तासांनी. मीही तेच करत होतो.

2026 च्या जानेवारीत पुण्याला भरलेली पुणे ग्रँड टूर बघायला मी दोन दिवस रजा काढून गेलो होतो. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल संघटनेच्या 2.2 दर्जाची शर्यत, प्रोलॉग (सुरुवातीचा छोटा टप्पा) आणि चार टप्पे मिळून 437 किलोमीटर. रस्त्याच्या कडेला उभं राहून पन्नास-साठच्या वेगानं जाणारा पेलोटॉन, म्हणजे सायकलस्वारांचा मुख्य घोळका बघितला तेव्हा अंगावर काटा आला. पण माझ्या मनात जास्त राहिलंय ते नंतरचं. टप्पा संपला, लोक जिंकणाऱ्याच्या फोटोसाठी धावले, आणि इकडं बाकीचे खेळाडू आपापल्या गाडीपाशी गपचूप डब्यातला भात खात होते. एकजण ट्रेनरवर, म्हणजे जागेवरच सायकल फिरवायच्या स्टँडवर, सावकाश पाय फिरवत होता. कोणाच्या चेहऱ्यावर आजच्या टप्प्याचा विषय नव्हता.

आता जे लिहितोय ते काहींना आवडणार नाही. आपली रविवारची राइड दर आठवड्याला शर्यत झाली आहे, आणि त्यानं आपल्यातली चांगली पोरं वाया जातात. पंचविशीतला पोरगा येतो, तीन महिन्यांत सगळ्यांना मागं टाकतो, चौथ्या महिन्यात गुडघा धरून बसतो, पुढच्या वर्षी सायकल विकतो. असे पाच-सहा जण मी डोळ्यांनी बघितलेत. हळू चालवणाऱ्याला आपण "आज काय झालं गा?" म्हणून विचारतो, जणू त्याला बरं नाही. वरिष्ठांनी आधी हळू चालवून दाखवलं पाहिजे. यात माझाही दोष आहे, कारण त्या पोरांना गाठायला मीच पुढं असायचो.

हळू चालवणं मला शिकवलं ते बैलहोंगलच्या एका मित्रानं. विजापूर-बागलकोट पट्ट्यात सायकलिंगची परंपरा जुनी, तिकडं पोरं शाळेच्या वयापासून ट्रॅक आणि रोडचं शिस्तीत शिकतात. हाही त्या पोरांत वाढलेला. मी चढाला लागलो की मागून एकच शब्द: "निधान, निधान." सावकाश. आमच्या ओळीत आता दोन्ही भाषा चालतात. पुढचा "खड्डा" ओरडतो, मागचा तेच "गुंडी" म्हणून आणखी मागं पोचवतो, आणि पुढं राहायची पाळी बदलताना कोपर हलवलं की बोलायचीही गरज नसते. पुढच्याच्या चाकामागं नीट राहिलं की वारा कापायचे कष्ट पाव हिश्श्यानं तरी वाचतात, कधी त्याहून जास्त. चार दिवसांच्या शर्यतीत हे वाचलेलं बळच चौथ्या दिवशी कामाला येतं. पण त्यासाठी समोरच्यावर पूर्ण विश्वास लागतो, कारण त्याच्या चाकापुढचा रस्ता आपल्याला दिसतच नाही. तो विश्वास शंभर सकाळी एकत्र काढल्याशिवाय येत नाही. सीमेच्या प्रश्नावर माझं मत सगळ्यांना माहीत आहे, त्यालाही माहीत आहे. तरी माझ्या पुढं चाक त्याचंच हवं.

घरच्यांचं लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आठवड्याचे दहा-बारा तास मी सायकलवर असतो, ते कुणाच्या तरी वाट्यातून येतात. मी पहाटे निघतो तेव्हा मुलीची तयारी, डबा, आईचं औषध हे सगळं बायको करते आणि मग स्वतःच्या कामावर जाते. दुपारी मी "रिकव्हरी" म्हणून झोपतो तेव्हाही घर तीच चालवते. म्हणून या वर्षी ठरवलंय की रविवार दुपार आणि सगळी संध्याकाळची भांडी माझी. शर्यत झाल्यावर तीन महिने पहाटेची राइड बंद, त्या वेळेत ती चालायला जाणार. हे तिनं मागितलेलं नाही. मला आधी सुचायला हवं होतं.

सध्या सुगी चालू आहे. आमचं कापून झालंय, उद्या मळणी, म्हणून उद्या सायकल नाही. पुढच्या शुक्रवारी तोच फेरा परत करायचाय. पहाटे साडेपाचला हिंडलगा गणपतीपाशी जमू. आंबोली, सावंतवाडी, दोडामार्ग, साखळी, चोर्ला. आतापर्यंत सहा जण आहेत, अजून चौघांना जागा आहे. अट एकच. आंबोलीपर्यंत कोणी कोणाला गाठायचं नाही. हवं असेल तर रविवारी चोर्ल्याच्या माथ्यावर गाठा, मी तिथं असेन.