गाठ बेल्टशी आहे

पांढरा बेल्ट मिळवायला काहीच करावं लागत नाही. फी भरली की कराटेच्या ड्रेसबरोबर तोही प्लॅस्टिकच्या पिशवीतून हातात येतो. नवा, कडक, पावणेतीन मीटरच्या आसपास. पंचेचाळिशीत काहीतरी व्यायाम हवा म्हणून मी लेकाच्याच क्लासात नाव घातलं, तेव्हा धास्ती होती ती लाथाबुक्क्यांची. रोज सकाळी साडी नेसणाऱ्या बाईला दोन बोटं रुंदीच्या पट्टीचं कसलं आलंय भय?

पण साडी समजूतदार असते. एखादी निरी मागेपुढे झाली तर सांभाळून घेते. बेल्ट लगेच चव्हाट्यावर आणतो.

कृती ऐकायला सोपी. बेल्टचा मध्य बेंबीवर, टोकं मागून फिरवून परत पुढे, डावं उजव्यावर टाकून सगळ्या वेढ्यांखालून वर काढायचं. इथवर कुणीही येतं. खरी मेख दुसऱ्या गाठीत. जे टोक आधी वर होतं तेच पुन्हा वर हवं. तसं झालं तर गाठ चपटी बसते आणि टोकं दोन्हीकडे सारखी उतरतात. नाहीतर एक टोक हनुवटीकडे बघतं, दुसरं गुडघ्याकडे, आणि चार उठाबशांत सगळं सुटतं. व्हिडिओ बघून शिकावं तर तो माणूस समोर उभा, त्याचं डावं ते माझं उजवं. आरशासमोर गेले तर तिथे तिसरीच बाई.

त्यात अंगरखा डावी बाजू वर घेऊनच घालायचा. ‘ताई, उजवी बाजू वर जपानात फक्त मेलेल्या माणसाची असते,’ सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं. आठ-दहा वर्षांच्या माझ्या वर्गबंधूंना इतका आनंद त्याआधी कशानेच झाला नव्हता. टोकं सारखी हवीत, कारण एक म्हणजे मन आणि दुसरं म्हणजे शरीर, हेही सरांचंच. माझं मन वीतभर भरतं आणि शरीर गुडघ्यापर्यंत लोंबतं.

बेल्ट सुटला तर सरांकडे पाठ करून बांधायचा, असा शिष्टाचार आहे. त्यामुळे मागच्या भिंतीचे पोपडे मला तोंडपाठ आहेत.

हे सगळं आलं ज्यूदोतून. १८८२ साली ज्यूदो सुरू करणाऱ्या कानो जिगोरोंनी वरच्या शिष्यांना काळा पट्टा दिला. कराटेगुरू फुनाकोशी गिचिन १९२२ मध्ये कराटेचं माहेर असलेल्या ओकिनावा बेटावरून टोकियोला कराटे घेऊन गेले आणि पुढे ज्यूदोचा पोशाख, पट्टे, सगळंच कराटेने उचललं. म्हणजे ओकिनावातली माणसं त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या या रंगीत भानगडीशिवाय उत्तम मारामारी करत होती! हे मी लेकाला सुनावलं. तो ग्रीन बेल्ट. माझ्यापुढे गुडघ्यांवर बसून गाठ मारत होता.

‘आई, पोट आत घे.’

‘घेतलंय.’

त्याने मान वर करून पाहिलं आणि मुकाट्याने गाठ आणखी सैल केली.

क्लासात आणखी एक समजूत आहे: बेल्ट धुवायचा नाही, शक्ती जाते. पांढरा बेल्ट वर्षानुवर्षं मळून काळा व्हायचा म्हणून ब्लॅक बेल्ट, ही दंतकथाही त्यातलीच. सासूबाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बेल्ट साबणात भिजवला, धोपाटण्याने बडवला आणि पिळून दोरीवर टाकला.

‘आजी, आईची सगळी शक्ती गेली!’ लेक कळवळला.

‘वास गेला ना? मग झालं.’

कडकपणाही गेला. पुढच्या क्लासला गाठ पहिल्यांदाच शेवटपर्यंत टिकली.

‘वा ताई! घरी सराव चाललाय वाटतं?’ सरांनी विचारलं.

मी कमरेत वाकून कराटेतला होकार दिला, ‘ओस्स!’