नाचणीची पेज की लोहाची गोळी?

तुमचं म्हणणं असं: आजीने पेज, नाचणी नि तिसऱ्यांच्या (शिंपल्यांच्या) जोरावर सात बाळंतपणं निभावली, गोळ्यांनी पोट बिघडतं, मूल काळं होतं, आणि ‘गोळ्या घ्या’ असं लिहून आम्ही पहिलटकरणींना उगाच घाबरवतो.

आजीचं हिमोग्लोबिन मोजलं कोणी होतं? दम लागणं, गरगरणं हे सगळं ‘दिवस गेले की व्हायचंच’ म्हणून खपून जायचं. गरोदरपणी रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. पण ११ च्या खाली गेला की तो अ‍ॅनिमिया. ७ च्या खाली नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, मोठं इस्पितळ गाठावं लागतं.

नाचणी जरूर द्या, पण कॅल्शियमसाठी. १०० ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलिग्रॅम असतं. लोह मात्र चार-पाचच, आणि त्यातलंही अंगी लागतं थोडं. तिसऱ्यांतलं लोह अधिक मुरतं, फक्त त्या नीट शिजवा. (मोरी, म्हणजे शार्क मासा, या दिवसांत नको, तिच्यात पारा साठतो.) चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. तेवढं पेजेतून कुठून येणार?

पोट बिघडतं, हे मात्र खरं. मुली गोळ्या गुपचूप टाकून देतात त्या याच पायी. त्यात वेळेचाही घोळ असतो: लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच घोटात, त्याही चहाबरोबर. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोहाला अडवतात. कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर द्या. लोह निजताना, रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याशी. तरीही मळमळलं तर दोन घास खाऊन घेऊ दे. शोषण थोडं घटेल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते परवडलं. शौच काळं होतं ते न मुरलेल्या लोहामुळे. मुलाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नव्हे.

महिन्याभराने रक्त पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन १ ग्रॅमनेही वाढलं नसेल तर आधी, न रागावता, गोळी खरंच पोटात जाते का ते विचारा. जात असेल तर जंत किंवा थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे का हे डॉक्टरांना पाहू दे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची तपासणी फुकट होते.

घाबरवण्याबद्दल: पाचव्या महिन्यानंतर डोकं सतत ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा सुजला किंवा रक्तदाब १४०/९० वर गेला, तर आम्ही घाबरवणारच. तेव्हा लेप नको, काढा नको. त्याच दिवशी दवाखाना, आणि रात्र असेल तर १०८.